पंचवीसच्या भोकात पंचवीसचा दांडा

चार वर्षं मेकॅनिकल शिकून पोरीला एवढंच पक्कं कळलं होतं, की आपल्याला काहीच पक्कं कळलेलं नाही. इंजिनं, पंप, गिअर, कंपनं, सगळ्यांच्या वह्या भरल्या होत्या, मार्कही बरे होते. पण घरचा मिक्सर बंद पडला की ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे नुसती बघत राहायची. "इंजिनीअर ना गं तू?" आई विचारायची. "मिक्सर शिकवत नाहीत आम्हाला," म्हणून ती सटकायची.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे मायक्रॉन म्हणत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे बारसं लेथवाल्या काकांनी केलेलं. काका तीस वर्षं एकाच लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभे होते आणि ही बया त्यांना झाकणाच्या मुठीवरसुद्धा शतांश मिलिमीटरचं माप लिहून द्यायची. "मूठ आहे बाई ही, विमान नाही," काका म्हणाले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता त्या शेवटच्या आठवड्याचं ऐका. एका सॉफ्टवेअर कंपनीने निम्मा वर्ग उचलला होता, त्यात ही पण. पंपाशी संबंध नाही, गिअरशी नाही, पण नोकरी पक्की. शुक्रवारी पाचच्या आत प्लेसमेंटच्या खोलीत जाऊन कागदावर सही करायची. नाही केली तर जागा दुसऱ्याला. आणि एकदा सही केली की दुसऱ्या कंपनीचं नाव काढायचं नाही, असा कॉलेजचा नियम. त्याच शुक्रवारी सकाळी पंपाच्या कारखान्याची मुलाखत होती. तिथे तिसांतले दोघं घेणार, आणि निकाल सोमवारी. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

सल्ल्यांना तर ऊत आला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सॉफ्टवेअर घे, गारव्यात बसशील." मामा म्हणाला, "कारखाना घे, हाताला काम असलं की माणूस उपाशी मरत नाही." कॉलेजातल्या सरांनी दोन्हीला मान डोलावली. आई म्हणाली, "तुझं तू बघ." आणि खरं ओझं त्याच तीन शब्दांचं होतं.

घरात दोघीच. आई शाळांचे गणवेश शिवायची, वीस वर्षं झाली. मशीन डोळे मिटूनही चालवली असती तिने, पण सुई ओवता येईना झाली होती. बटणं लावायच्या दहा सुया पोरगी रोज सकाळी ओवून उशीत टोचून ठेवायची, आणि दहा संपल्या की आई थांबायची. "मला नोकरी लागली की ही मशीन बंद," असं पोरीने पहिल्या वर्षाला छातीठोक सांगितलं होतं. आई ते विसरली असेल, ही विसरली नव्हती.

गुरुवारी प्रोजेक्टचा दांडा तयार झाला. एक हातपंप करायचा होता. त्यातला दांडा पितळेच्या बुशमध्ये, म्हणजे आखूड नळीत, फिरायला हवा. मायक्रॉनने ड्रॉइंगमध्ये दांडा पंचवीस मिलिमीटर काढला, बुशचं भोकही पंचवीस, आणि दोन्हींपुढे ऐटीत शून्य-शून्य लिहिलं, म्हणजे जराही कमीजास्त चालणार नाही. काकांनीही केसभर इकडेतिकडे होऊ दिलं नाही. ती दांडा बुशात घालायला गेली. जाईना. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं, तेल लावून पाहिलं. छे!

"काका, काहीतरी चुकलंय."

"काही चुकलेलं नाही. तू काढलंस तस्सं केलंय. पंचवीसच्या भोकात पंचवीसचा दांडा जातो का कधी?"

कानशिलं तापली तिची. अहो, याच विषयात तिला शंभरात एक्क्याण्णव होते! दांडा आणि भोक यांच्यात किती जागा ठेवायची, त्याचा अख्खा तक्ता तिला तोंडपाठ होता. पेपरात लिहिला, आणि ड्रॉइंग काढताना आठवलासुद्धा नाही. काकांना आधीच कळलं असणार, मग बोलले का नाहीत, याचाही तिला राग आला. तिने दांडा-बुश पिशवीत कोंबले आणि तडक घर गाठलं. कारखाना आपलं काम नाही, उद्या मुकाट्याने सही करायची, असं तिने वाटेतच ठरवून टाकलं.

आई शर्टाची बाही जोडत होती. पोरीने सगळं रडून सांगितलं. आईने चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, छाती बत्तीस भरली तर शर्ट काय बत्तीसचा शिवू? पोरगं श्वास कुठे घेईल?"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"रोज समोरच तर शिवते की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. पोरगी हसली, मग पुन्हा गोंधळली. कारण सही करायचं ठरलं होतं ते आता ठरलेलं राहिलं नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." वर्गातल्या सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर होतं, मी फार मेहनत घेते ही माझी चूक. तिने पिशवीतून दांडा आणि बुश काढून टेबलावर ठेवले. साहेबांनी घालून पाहिलं, गेलं नाही.

"मग किती जागा ठेवाल?"

"फिरायचंय की घट्ट बसायचंय, त्यावर आहे. नेमका आकडा आत्ता आठवत नाही, सर. तक्ता बघीन, आणि लेथवाल्या काकांना विचारीन."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. ती बाहेर आली तेव्हा बरं झालं की वाईट, हेही तिला सांगता येत नव्हतं.

चार वाजता ती सहीसाठीच निघाली. वाटेत वर्कशॉप लागतं. आत काका हात पुसत होते.

"काय मायक्रॉन, रुसवा गेला?"

"तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पेपरात लिहून पुन्हा विसरली असतीस. आण इकडे. आज तू करायचं."

काकांनी दांडा लेथला लावून दिला. फिरत्या दांड्यावर घासायचा एमरी पेपर धरायचा, लेथ थांबवायचा, मापायचं, बुश घालून बघायचं, पुन्हा पेपर. काढायचं होतं केसाच्या निम्म्याहून कमी. जास्त गेलं तर दांडा भंगारात. तिने बाह्या दुमडल्या. भिंतीवर घड्याळ होतं, समोरच. तिने एकदा पाहिलं तेव्हा साडेचार झाले होते. नंतर पाहिलं नाही.

बुश दांड्यावर चढला तो आवाज न करता. बोटाने ढकलला तर गोल फिरला आणि फिरतच राहिला. काका म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच! मग तिने वर बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं.

पळत गेली ती, पण प्लेसमेंटच्या खोलीला कुलूप होतं. तिथेच पायरीवर बसून तिने आईला फोन लावला. आईची रीत अशी की फोन खांद्यात धरायचा आणि मशीन चालू ठेवायची. पलीकडून खडखड ऐकू येत होती.

"आई, सही राहिली."

मशीन थांबली.

"राहिली, की केली नाहीस?"

"मला कळत नाहीये गं. खरंच नाही कळत. घड्याळ समोरच होतं."

मग आईने विचारलं, "दांडा गेला का आत?"

"गेला. फिरतोय."

"बरं. मग ये आता घरी. सकाळच्या सुया संपल्यात, आणखी दहा ओवून दे."