चोराचं गाऱ्हाणं

पालीजवळच्या आमच्या गावात दर वर्षी देवळाच्या पूजेला नाटक व्हायचं. दोन हजार एक-दोनच्या सुमारास मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात ऑर्केस्ट्रा शिरला. मी शाळेत बाई, आणि नाटकाचं वेड माहेरपासूनचं. मी कडाडून भांडले. शेवटी ते म्हणाले, "बाई, पोरा बागांतना आंबे-नारळ पळवतायत. त्येंना वळन लागंल असा कायतरी लिवा. जमला तर नाटक, नायतर पुढल्या वर्सापासना ऑर्केस्ट्रा."

मी ईर्षेने लिहिलं. एका चोराला फाशी होते, आणि फासावर चढण्याआधी तो गावातल्या पोरांना आपली कर्मकहाणी सांगतो. ऐकून पोरांच्या अंगावर काटा यावा, असा माझा बेत. चोराचं काम माझ्या चुलतसासऱ्यांना दिलं. काकांचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचाच. ते एकेक मागणं देवाच्या कानावर घालत आणि गाव होकार भरत असे.

तालमी झकास झाल्या. प्रयोगात मात्र काकांनी समोर अख्खं गाव बघितलं, हात जोडले आणि थेट गाऱ्हाण्याच्या सुरात सुरुवात केली. "पहिली चोरी मी शेजाऱ्याच्या शहाळ्याची केली..." ते श्वास घ्यायला थांबतात न थांबतात, तोच गाव सवयीने गरजलं, "व्हय म्हाराजा!"

मी विंगेत कपाळावर हात मारला.

"मग देवळातली समई उचलली..."

"व्हय म्हाराजा!"

"आईच्या गळ्यातली माळही सोडली नाही..."

"व्हय म्हाराजा!"

पोरं खिदळत होती. माझं डोकं असं फिरलं, की पडदाच पाडावा म्हणून मी दोरीला हात घातला. एवढी मेहनत पाण्यात!

काकांनी सूर सोडला नाही, आवाज तेवढा उतरवला. "पोरांनो, या हातांना वेळीच काम लावलं असतं, तर आज माझी आई दारात एकटी बसली नसती. तुमची तरी बसू नये."

होकार आला, पण हळू. हसणारी पोरं गप्प झाली होती. तिथे संवाद संपत होता. काका सवयीने पुढेच गेले, "देवा म्हाराजा, जा काय चुकला-माकला आसंल ता पोटात घाल, नि ह्या लेकरांचा रखन कर."

"व्हय म्हाराजा!" गावाबरोबर मीही म्हणाले.

आता फाशी. फाशी देणारा आमचा सुतार दोरखंड घेऊन नुसताच उभा. मी खुणा केल्या, दातओठ खाल्ले. त्याने दोरखंड गुंडाळून काखेत मारला आणि माइकसमोरच मला म्हणाला, "बाई, म्हाराजान ऐकलान. तुमीपन आताच व्हय बोललाव. मंग लटकवू कसा?"

पहिल्या रांगेत अध्यक्ष उपरण्याने डोळे पुसत होते. आमच्या गावात ऑर्केस्ट्रा अजून आलेला नाही.