लालासाहेब हवालदाराचा आवाज

लालासाहेब हवालदाराला गावात कुणी चांगलं म्हणत नव्हतं, आणि म्हणावं असं त्यानं काही केलंही नव्हतं. वडूजच्या पलीकडच्या त्या माळरानावरच्या गावात तो पेन्शनीत आला तेव्हा ब्रह्मदेशातली लढाई अजून चालू होती. पलटणीत तो कसरतीचा उस्ताद होता. अंगावरची वर्दी उतरली, पण घशातला उस्ताद काही उतरला नाही. सूनबाईकडं पाणी मागितलं तरी परड्यातली कोंबडी उडायची.

त्या वर्षांत भागात शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचं वारं होतं. हवालदारानं ते उचललं, गावच्या तालमीची किल्ली ताब्यात घेतली आणि उजाडता उजाडता गावातले बाप्ये रांगेत उभे करायला लागला. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचा खांदा निखळलेला, कुणाच्या गुडघ्यात वात. त्याला सगळे सारखेच. हुकूमही पलटणीच्या हिंदुस्तानीत. साष्टांग घालायचा झाला की तो गरजायचा, "लेट जाव!" आणि सगळी रांग एकदम तांबड्या मातीत आडवी व्हायची.

रांगेतला गुंडा एकदा म्हणाला, "लालासाब, कंबर धरलीया गड्या. जमंल तेवढंच वाकतो."

"जमंल तेवढं? पलटणीत पायाच्या मापाचा बूट न्हाई मिळत, गुंडा. बुटाच्या मापाचा पाय करावा लागतो!" असं म्हणून हवालदारानं त्याच्या पाठीवर हात ठेवून स्वतःच त्याला दाबला. गुंडाला बाजेवर घालून घरी न्यावं लागलं. पुढं कितीतरी दिवस तो पडल्या पडल्या हवालदाराच्या नावानं बोटं मोडत होता. हवालदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग लढाई संपली आणि त्याचा धाकटा भाऊ जोतिबा ब्रह्मदेशातून परत आला. हातपाय धड होते, म्हणून लोक म्हणाले देवानं राखला. पण घरात पितळी पडली तरी जोतिबा थरथर कापायचा. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसायचा नाही. नांगराची मूठ हातात ठरायची नाही. त्याची बायको शालूबाई नवऱ्याच्या ताटातला घास त्याच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर स्वतः जेवायची नाही. आपला माणूस परत माणसात येतो की नाही, एवढा एकच घोर तिला लागला होता.

वडूजच्या वैद्यानं नाडी बघितली आणि सांगितलं, "श्वास आणि शरीर एका लयीत यायला हवं. नमस्कार घालू द्या, आसनं करू द्या. पण बेतानं, ह्याच्या कलानं घ्या." हवालदारानं नमस्कार तेवढे ऐकले. कलानं घेणं त्याच्या कानात कधी शिरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जोतिबा रांगेत उभा राहिला. हात वर केले, वाकला, सगळं नीट चाललं होतं. मग हवालदार गरजला, "लेट जाव!"

रांग आडवी झाली आणि पुढच्या हुकमाला उठलीसुद्धा. जोतिबा उठला नाही. नखं मातीत रुतलेली, तोंड मातीत खुपसलेलं. ब्रह्मदेशात विमानं डोक्यावर आली की त्याच हुकमानं तो चिखलात पडायचा, आणि पडलेल्यांतले सगळे उठायचे नाहीत, हे तालमीत कुणाला ठाऊक? त्याचा लंगोट ओला झाला. कुणीतरी फिसकन हसलं. हवालदाराचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं भावाच्या बरगडीत टाच घातली.

"ऊठ! नाटकं करतुयास व्हय रं?"

हा आवाज वेशीपर्यंत गेला असणार. शालूबाई पाण्याची घागर रस्त्यात टाकून धावली. तालमीत मारुती असतो, बाईमाणूस तिचा उंबरा ओलांडत नाही. शिवाय थोरल्या दिरापुढं ती आजवर पदर सारून उभी राहिली नव्हती. ती सरळ आत आली, नवऱ्याला दंडाला धरून उठवलं, आणि दिराच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आवं दादा, भरतीला तुमीच नेलासा ह्यास्नी. तवा धडधाकट माणूस नेलासा. आता उरलंय तेवढं तरी माजं मला ऱ्हाऊ द्या."

गावानं दोष दिला तो तिलाच. बाईनं तालीम बाटवली म्हणे. हवालदारानं तालीम धुवून घेतली, मारुतीला नवा शेंदूर लावला आणि घरातली चूल वेगळी करून टाकली. शालूबाईनंही मग त्याच्याकडं पाठ फिरवली. समोर दिसला की थुंकायची, आणि लपवायची नाही.

सुगीच्या सुमाराला गुंडानं डिवचलं, "हवालदार, तुमचा भाऊ मळ्यात अर्धे नमस्कार घालतुया. निम्म्यातनंच उठतुया, जमिनीला लागत न्हाई. उस्तादाच्या घरात असलं?"

हवालदार तणतणत मळ्यात गेला. बांधाआड थांबून बघतो तर जोतिबा लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभा. डोळे उघडे, समोर मोकळं रान. श्वास घेत हात वर न्यायचा, सोडत गुडघ्यापर्यंत वाकायचा, परत बुंध्याला टेकायचा. आडवं पडणं नाही, डोळे मिटणं नाही, कुणाची मोजणी नाही. शालूबाई जवळच कणसं खुडत होती. आणि जोतिबाचे हात कापत नव्हते. मग त्यानं वाकून खुरपं उचललं आणि तेही हातात ठरलं.

हवालदाराला काय झालं कोण जाणे. राग कुठल्या कुठं गेला. तो बांधावर चढला आणि मनापासून ओरडला, "शाब्बास रं जोतिबा!"

जोतिबा खाली पडला. धाडकन, तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर.

शालूबाई धावली नाही. हळूच त्याच्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला. वर बघून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुमी वाईट बोला न्हाईतर चांगलं बोला. ह्यास्नी तुमचा आवाजच सोसत न्हाई."

त्यानंतर हवालदार भावासमोर एक शब्द बोलला नाही. तालमीत त्याची जीभ तशीच सुटलेली होती, लोक तशाच शिव्या घालत होते. पण उजाडलं की तो मळ्याच्या बांधावर, जोतिबाला लांबून दिसेल असा उभा राहायचा, आणि धाकटा वाकेल तेवढाच वाकायचा. पुढच्या पेरणीला जोतिबानं स्वतः कुरी धरून रान पेरलं. बाजारालाही जायला लागला.

पारावर बसलेली माणसं म्हणायची, "कसल्या काळजाचा माणूस! लढाईवरनं आलेल्या सख्ख्या भावाशी बोलत न्हाई. बांधाचं भांडण असणार."

हवालदार ते ऐकायचा आणि तोंड मिटून पुढं जायचा.