पिणारा नवरा

बायकोपायी मी बेवडा झालो, आणि तोही एक थेंब न पिता. हसू नका. मी शिंपी माणूस, साधा सोडा प्यायलो तरी मला ठसका लागतो.

पिते ती. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा झोप यावी म्हणून सुरू केलं. आई गेली, पण हे काही सुटेना. ड्युटीवर ती कधी प्यायली नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरी आली की मात्र स्टीलच्या पेल्यात ओतून घ्यायची, आणि सकाळी हात थरथरायचे. तिला दारू मनापासून सोडायची होती. मी म्हणायचो, अगं, तुमच्याच दवाखान्यात दारू सोडवणारे डॉक्टर बसतात, जा ना. तर माझ्यावरच डाफरायची. तिथे पुरुष आला की म्हणे सगळे म्हणतात, बिचारा, टेन्शन असेल. बाई आली की चहाच्या वेळेला तिची अब्रू काढतात.

"मीही काढलीय," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना."

शेवटी धीर करून ती डॉक्टरांसमोर बसली, आणि ऐनवेळी तोंडातून निघालं, आमचे मिस्टर फार पितात हो. झालं. मला जावं लागलं.

काय माझं कौतुक! डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, पाठीवर हात ठेवला. झोप लागते का, जेवण जातं का, कामाचा ताण आहे का, घरी कोण कोण, मुलगी केवढी आहे, सगळं विचारलं. कबूल करायला मोठं मन लागतं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गोळ्या मिळाल्या.

त्या तिनं घेतल्या. माझं वजन आणि माझ्या थापा बघून दिलेल्या गोळ्या तिला कशा मानवणार? भिंत धरून चालायला लागली, एकदा स्वयंपाकघरात आडवी झाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते नाटक, जिवाशी जाशील. ती नको नको म्हणत होती, तशीच तिला डॉक्टरांकडे नेली.

"मी पीत नाही, ही पिते," मी म्हणालो. "गोळ्याही हिनंच घेतल्यात. हिला तपासा."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "घरी मुलगी कुणाजवळ असते?"

मी म्हटलं, हिच्याजवळ. मग ते तिला म्हणाले, वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली इथे ठेवा. तिचे हात इतके कापत होते की कमरेला किल्ली अडकवलेली पिन निघेना. मीच काढून दिली.

"आणि हिचं औषध?"

"आधी हिच्या वरिष्ठांशी, मेट्रनशी बोलावं लागेल," म्हणत त्यांनी फोन उचलला.

तिला गरगरलं, तिनं टेबल धरलं. दारात तिची रोजची मैत्रीण उभी होती, तिच्याच वॉर्डातली सिस्टर. ती धावत जाऊन पाणी घेऊन आली, आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"कसं सहन करता हो तुम्ही," ती मला म्हणाली.