नऊ नंबरची पांढरी

कोणताही कागद हातात आला की काका आधी तो फिरवायचे. विजेचं बिल असो, हॉटेलातलं मेनूकार्ड असो, नाहीतर नातीने शाळेतून आणलेलं चित्र. कागद डावीउजवीकडे वळवत विचारायचे, "उत्तर कुठं हाय?" पहिल्यांदा मला वाटलं, ते कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर मागताहेत. मग त्यांची लेक हसत म्हणाली, "अगं, दिशा विचारताहेत. सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली ना त्यांची."

ही लेक आणि मी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात एकत्र काम करतो, आणि एकाच वसाहतीत राहतो. काकू गेल्यावर तिने वडिलांना अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आणलं होतं. लेकीकडे आलेले असे वडील तुम्हीही पाहिले असतील. खिडकीशी बसतात, पावसाकडे बघतात आणि परतीची तारीख पुन्हा पुन्हा विचारतात. काका दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाले आणि वसाहतीतली सगळी कुंपणं पाहून आले. "त्या कोपऱ्यावरच्या घरवाल्यानं कुंपन दोन फूट आत घेतलं हाय," ते मला म्हणाले. "जमीन सोडून दिली बाप्पा त्यानं! मालकाले माहीतच दिसत नाही."

आमच्या शेजारी नोरा राहायची. मँचेस्टरमध्ये जन्मलेली, तिथेच शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिचे पणजोबा इथल्याच एका खेड्यातून तिकडे गेले होते. नोराने जुन्या नोंदींत त्यांचं घर शोधून काढलं आणि सत्तरीत आपलं तिकडचं घर विकून ती इथे येऊन राहिली. त्या घराच्या आता तीन भिंती उरल्या होत्या. दर रविवारी ती तिथे जायची, गवत काढायची, दाराच्या जागी फुलं ठेवायची.

एकदा तिने आम्हाला चहाला बोलावलं. काकांचा व्यवसाय कळल्यावर तिने मोठ्या हौसेने आपले कागद टेबलावर मांडले. दीडशे वर्षांहून जुना नकाशा आणि त्या काळची जमीनधारकांची यादी. प्रत्येक तुकड्याला नंबर, नंबरापुढे कसणाऱ्याचं नाव, घर आहे की नाही, तेही.

"अरे, हा तं या लोकायचा सातबारा!" काकांचा चेहरा असा उजळला, की लेक नंतर म्हणाली, आई गेल्यापासून बाबा असे दिसले नव्हते.

नोराने पणजोबांच्या नावावर बोट ठेवलं. नंबर सात, पॅट्रिक गिलन. काकांचं बोट मात्र आणखी खाली सरकलं. नंबर नऊ, पॅट्रिक गिलन.

"नाव हाय, आडनाव हाय," काका म्हणाले. "मंग बापाचं नाव कुठं गेलं?"

मी भाषांतर केलं. नोराला प्रश्नच कळेना. त्यांच्याकडे नावात वडिलांचं नाव घालत नाहीत. काकांनी यादीतल्या दोन्ही नावांपुढचे कंस दाखवले. सातपुढे आखूड करून 'जेम्स' लिहिलं होतं, नऊपुढे 'मायकेल'. नोरा म्हणाली, ती कारकुनाची काहीतरी खूण असेल. काकांनी पणजोबांच्या लग्नाचा दाखला मागितला. तिने तो लगबगीने आणला. त्यावर पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं: मायकेल. म्हणजे सात नव्हे, नऊ.

नोरा तेव्हा चहा ओतत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. काकांनी दाखला अलगद घडीवर घडी घालून ठेवला. "धुऱ्यावर जाऊन पाहू," एवढंच म्हणाले. धुरा म्हणजे बांध, हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी मी त्यांना गाडीतून त्या खेड्यात नेलं. सात नंबरच्या पडक्या घरात नोराची फुलं होती. काका बाहेरूनच पाहून पुढे निघाले. नऊ नंबर म्हणजे एक ओलं कुरण. घर नाही, भिंत नाही, दगडही दिसत नव्हता. काका हातात नकाशा धरून पावलं मोजत चालले आणि एका कोपऱ्यात थांबले. तिथे जमीन किंचित उंच होती आणि कमरेएवढी खाजरी झाडं माजली होती. सशाने उकरलेल्या मातीजवळ ते वाकले. मातीत राख होती, आणि निळ्या नक्षीचा बशीचा एक तुकडा.

"पाहा," ते म्हणाले. "रानाची काळी माती अन् वस्तीची पांढरी. इथं पांढरी हाय. मानसं राहत होती इथं."

परतताना मी त्यांना विनवलं. नोराला सांगू नका. सगळं सोडून ती त्या तीन भिंतींसाठी इथे आली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याकडे गेलो. काका बराच वेळ बोलले. सावकाश, एकेक कागद पुढे करत. ते संपल्यावर मी नोराला सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही फार मेहनत घेतलीत. काम उत्तम आहे."

"ग्रँड!" नोरा हसून म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरबाई, तुमी माहं बरोबर नाही सांगतलं."

"सांगितलं की."

"हे आयकून बाई हासली. हासन्यासारखं म्या काही बोललोच नोतो."

माझा चेहरा उतरला. काका आवाज न चढवता म्हणाले, "एका म्हाताऱ्याची हद्द चुकीची निघाली होती. म्हटलं, कायले दुखवा या वयात, अन् म्या गप्प बसलो. तो गेल्यावर त्याच्या पोरायनं एकमेकायची डोकी फोडली. मले अजून वाटते, त्याले सोसलं असतं. सोसनार नाही हे म्याच ठरवलं." मग नोराकडे हात करून म्हणाले, "हे बाई मजबूत हाय. सांगा तिले."

मी सांगितलं, सगळं. नोराने कागद गोळा केले. मग उठली, कपबशा उचलल्या आणि आम्हाला दारापर्यंत पोचवून आत गेली.

दोन आठवडे ती कोणाशी बोलली नाही. रविवारी तिची गाडी दारातच उभी. मी काकांवर मनातून चिडले होते आणि काका जेवण टाकून बसले होते. "तुमचंच खरं होतं काय वं?" त्यांनी एकदा मला विचारलं.

मग एका सकाळी नोराने काकांच्या लेकीच्या घराची बेल वाजवली. मी तिथेच होते, दार मी उघडलं. तिच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. "त्यांना सांग, मला नऊ नंबर पाहायचाय."

काका, नोरा आणि मी, आम्ही तिघं गेलो. कुरणाचा मालक गुरांना चारा टाकत होता. धट्टाकट्टा, पन्नाशीचा. कुरणात आलेल्या या मंडळींचं काय काम, म्हणून तो जवळ आला. नोराने त्या उंचवट्याकडे बोट दाखवून विचारलं, इथे कधी घर होतं का?

"घर मी नाही पाहिलं," तो म्हणाला. "पण हा कोपरा आम्ही कधी नांगरत नाही. आजोबांनी नांगरला नाही, बापाने नाही. आम्ही याला पॅडी मिकची बाग म्हणतो. का, ते विचारू नका."

पॅडी म्हणजे पॅट्रिक, मिक म्हणजे मायकेल. मायकेलचा पॅट्रिक. मी काकांना सांगायला वळले, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

नोरा त्या झाडांपाशी उभी होती. तिने काकांचा हात धरला आणि इंग्रजीत बरंच काही बोलली. काका "हो बाई, हो" म्हणत राहिले. त्यांनी भाषांतर मागितलं नाही, मीही केलं नाही.

ऑक्टोबरात काका अकोल्याला परतले. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. लेक तातडीने निघाली. नोराला कळवायचं काम माझ्याकडे आलं.

त्या रविवारी तिने मला सोबत नेलं. आधी सात नंबरवर थांबली, नेहमीसारखी फुलं ठेवली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "या जेम्सच्या पॅट्रिकचं कोणी येत नाही. इतकी वर्षं मी येत होते, आता कसं सोडू?"

मग आम्ही नऊ नंबरवर गेलो. मालकाने गुरं शिरू नयेत म्हणून कोपऱ्याला तार ओढली होती आणि नोराला आत जाता यावं एवढी वाट ठेवली होती. आत त्याने एक सपाट दगड आणून टाकला होता. नोरा त्यावर बसली, सरकून मला जागा केली.

"त्यांच्याबद्दल सांग," ती म्हणाली. "त्यांच्या भाषेत सांग. मला कळलं नाही तरी चालेल."

मी मराठीत बोलायला लागले. तारेपलीकडे गुरं चरत होती. नोरा मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिली.