ठकूबाईंची कापलेली सात सेकंदं

इथे तुम्ही लिहिता ते भुताखेतांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचते. खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत वाचते. कुणाला वडाखाली बाई दिसली की माझा पहिला प्रश्न, चष्मा होता का डोळ्यावर? आज माझीच पाळी आलीय, तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी टीव्हीवर बिझनेसच्या बातम्या देते. मूळची भोंगवलीची. भोरच्या केबल चॅनेलवर बाजारभाव वाचण्यापासून सुरुवात केली. मग पुणे, मग मुंबई, आणि आता सकाळी बाजार उघडताना तुम्हाला जी बाई हातवारे करत दिसते ती मीच. गावात मला शेअरबाजारवाली म्हणतात. सेन्सेक्स म्हणजे काय हे आमच्या अण्णांना आजतागायत कळलेलं नाही, पण मी दिसले की ते शेजाऱ्यांना हाका मारून बोलावतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराळ भागातल्या नव्या गुंतवणुकीवर आमचा एक खास कार्यक्रम होता. वेल्ह्याच्या बाजूला एका माळावर मोठं रिसॉर्ट येणार होतं. मी म्हटलं, माझाच मुलूख आहे, मीच जाते. कॅमेरामन प्रमोद बरोबर होता. आम्ही दोघं आठ वर्षं एकत्र काम करतोय.

माळाच्या कडेला धनगरांची सात-आठ घरं आहेत. तिथलं जुनं, शब्दाला मान असलेलं माणूस म्हणजे ठकूबाई. साठीच्या पुढच्या, काटक, आवाज खणखणीत. आम्ही गेल्या गेल्या त्यांनी आधी ताक दिलं. ते पिऊन होईपर्यंत कामाचं काही बोलू दिलं नाही. मग घरांमागचा झरा दाखवायला नेलं. दगडाच्या खोबणीतून बोटाएवढी धार पडत होती, पण बारा महिने आटत नाही म्हणे. म्हैस व्याली की तिचं पहिलं दूध त्या दगडावर ओतायचं, त्याशिवाय घरात कुणी दुधाला तोंड लावायचं नाही, अशी त्यांची रीत.

"मावशी, कॅमेऱ्याकडं नका बघू, माझ्याकडं बघून बोला," मी म्हटलं.

"तुझ्याकडंच बगती, बाय. त्याची वळख न्हाई, तुझी हाय."

ओळख म्हणजे काय, तर मी भोंगवलीची. खालच्या मुलखातली, आपल्यातली. तेवढ्यावर त्या बोलल्या. पहिलं वाक्य असं होतं, "माळाची जागा घ्या, आमची हरकत न्हाई." त्याला जोडूनच त्या पुढे काहीतरी बोलल्या. ते मी कापलं.

मला कुणी कापायला सांगितलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहिते. संपादकाचा फोन नव्हता, रिसॉर्टवाल्यांचा दबाव नव्हता. बातमीचं पॅकेज दीड मिनिटाचं होतं, त्यात ठकूबाईंच्या बोलण्याचा तुकडा, म्हणजे बाईट, चार सेकंदांचा हवा होता, आणि "हरकत न्हाई" वर वाक्य कसं छान बसत होतं! पुढची सात सेकंदं मी एडिट टेबलावर स्वतःच्या हाताने उडवली. आमच्याकडे शूटिंगचं कार्ड त्याच दिवशी पुसून दुसऱ्या कामाला देतात. तेही मीच पुसून दिलं. कार्यक्रमाचं कौतुक झालं आणि मी ठकूबाईंना विसरून गेले... त्या पुढे काय म्हणाल्या होत्या, तेसुद्धा.

आता या फेब्रुवारीत येते. महामार्गालगतच्या गोदामांवर एक लाइव्ह होतं, कापूरहोळच्या फाट्यावरून. दुपारचे साडेबारा. मागे ढाबा, भोरकडे वळणाऱ्या गाड्या, चांगलं टळटळीत ऊन. भुताखेताला साजेसं काही म्हणून नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लाइव्हला आमच्या कानात एक छोटं बटण असतं. त्यातून कंट्रोल रूममधला प्रोड्यूसर बोलतो. त्या दिवशी नेहा होती. स्टुडिओतून प्रश्न आला, मी उत्तर सुरू केलं, "इथल्या स्थानिकांची याला हरकत—"

आणि कानात नेहाचा आवाज बंद झाला.

"...पण झऱ्याला कुंपण घालू नगा. त्यो म्हसरांचा हाय, आमचा न्हाई द्याया."

खणखणीत. अगदी शेजारी उभं राहून बोलल्यासारखं. मी आवाज ओळखला आणि त्याच क्षणी मला तो सगळा माळ आठवला, ताकाचा पेला आठवला, एडिट टेबलावरचं माझं बोट आठवलं. पडद्यावर मी कानावर हात दाबून, तोंड उघडं टाकून उभी. मग नेहा कानात जवळजवळ किंचाळली, "सुवर्णा, बोल ना!" आणि मी कसंबसं आवरतं घेतलं.

"काय झालं गं? लाइन गेली का?" प्रमोदने विचारलं.

त्याच्या हेडफोनमध्ये काहीच आलं नव्हतं. मी त्याला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो कॅमेरा उतरवता उतरवता थांबला.

"वेल्ह्याची ती बाई," तो म्हणाला. "झऱ्याची. हेच बोलली होती ती. मला वाटलं होतं तू ठेवशील."

तीन वर्षं हा माणूस माझ्याबरोबर गाडीत बसत होता. त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता.

मी ऑफिसला तब्येतीचं कारण सांगितलं आणि आम्ही तसेच नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळलो. पोहोचलो तेव्हा तीन वाजले असतील. माळावर रिसॉर्ट उभं राहिलेलं होतं. आणि झऱ्याभोवती... पुरुषभर उंचीची तारेची जाळी, कुलूप लावलेलं फाटक. घरांमागून एक लांबलचक वाट खाली ओढ्याकडे गेलेली. आता म्हशी तिकडे न्याव्या लागतात, माणसांनीही तिथूनच पाणी आणायचं.

ठकूबाई दारात बसल्या होत्या. मला बघितलं, ओळखलं, आणि नजर काढून घेतली. त्यांची सून बाहेर आली.

"त्या बोलत न्हाईत," ती म्हणाली. "कुणाशीच न्हाई. अडीच वर्सं व्हतील."

"आजारी आहेत का, वहिनी?"

"आजार कशाचा? तुमी टीव्हीवर दावलं न्हवं, आत्यांनी हरकत न्हाई म्हणून सांगितल्यालं? कुंपण पडलं तवा आमी समदी गेलो भांडायला. रिसॉर्टवाल्यांनी मोबाईलवर तुमचंच दावलं. म्हणं तुमच्याच म्हातारीनं सांगितलंय. वाडीतली माणसं आत्यांवर उलटली. आत्या सांगून दमल्या का म्या पुढं बोल्ले व्हते, पुढं बोल्ले व्हते. कोण ऐकनार? शेवटाला म्हणाल्या, अर्दंच पोचतंय तर बोलायचं कशाला? तवापास्नं गप."

मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटलं. तेवढीही सोय नव्हती. दोन-चार घरांतली माणसं जमा झाली होती. मी तिथेच उभं राहून सगळ्यांसमोर ते वाक्य म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हटलं, मावशी पूर्ण बोलल्या होत्या. कापलं मी. प्रमोदने मान डोलावली.

कुणी अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं. एक म्हातारे बाबा होते, ते एवढंच म्हणाले, "मग ह्ये तवाच का न्हाई सांगितलंस, बाय?"

मी ठकूबाईंच्या पायाशी बसले. माफीचे शब्द मी टीव्हीवर, तांत्रिक अडचण आली की, इतक्यांदा वापरते की तिथे ते वापरायची लाज वाटली. म्हणून जे झालं होतं तेच सांगितलं. मावशी, आज दुपारी तुम्ही माझ्या कानात बोललात. गळ्यात कानातल्या बटणाची वायर अजून लोंबत होती. ठकूबाईंनी हात पुढे करून ते बटण उचललं. उलटसुलट करून बघितलं. मग स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यात कुणी न्हाई."

तोच आवाज. खणखणीत, जराही न गंजलेला. सुनेने पदर तोंडाला लावला आणि ती रडायलाच लागली. ठकूबाईंनी बटण माझ्या हातात ठेवलं आणि पुन्हा तोंड मिटलं.

मी भोरला प्रांत कचेरीत लेखी जबाब दिला आहे. सुनावणी चालू आहे, झऱ्याचं फाटक अजून बंदच आहे. चॅनेलला दोनदा विनंती केली की दुरुस्ती दाखवा. उत्तर आलं, मूळ शूटिंग आहे का? नाही, कारण ते मीच पुसलं. आणि मी अजूनही तिथेच नोकरी करते, हेही लिहून टाकते, नाहीतर उगाच मला शूर समजाल.

मनाचा खेळ, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते, निदान दिवसा. अपराधी मनाने विसरलेलं वाक्य खणून काढलं, मान्य. पण कंट्रोल रूममधलं बोलणं रेकॉर्ड होतं. मी ते मागवून ऐकलं. नेहा शपथेवर सांगते की ती एक क्षणही थांबली नव्हती, सारखी मला हाका मारत होती. रेकॉर्डिंगमध्ये तिथे नेहा नाही. दुसरंही कुणी नाही. नुसती शांतता आहे, मोजून सात सेकंदं. आमच्या इंजिनिअरने सगळं तपासलं आणि खांदे उडवले.

आता मी रोज ते बटण कानात घालते, बाजार उघडते आणि वाट बघते. त्या परत बोलल्या नाहीत. मला दिलेलं वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा पूर्ण करून दिलं, तिसऱ्यांदा त्या कशाला देतील? म्हणून इथे लिहिते. ज्या माणसांनी तो कार्यक्रम पाहिला असेल, त्यांनी कृपया हेही वाचावं:

"माळाची जागा घ्या, आमची हरकत न्हाई, पण झऱ्याला कुंपण घालू नगा. त्यो म्हसरांचा हाय, आमचा न्हाई द्याया."