सारवलेल्या भिंतीचा वास

ताज्या सारवणाच्या वासाचं सगळ्यांना कौतुक. मला मात्र तो आला की संतपूरचं घर आठवतं.

निजामी नुकतीच गेली होती. खाकीतला एक परका माणूस आमच्या भिंतींवर हिवतापाचं औषध फवारत होता. आई धाकट्या सुमीला कडेवर घेऊन त्याच्यावर नजर ठेवून होती.

"अक्का, दिवाळीपतूर सारवू नका. औषध झाकलं तर डास मरत न्हाई."

"कामून? भितीला काय फासायलाव?"

तो शेजारच्या घरात शिरला आणि आईनं शेण कालवलं. पांढरे डाग झाकले गेले, तेव्हा कुठं तिला घर आपलं वाटलं.

पावसाळा सरताना सुमी हुडहुडून तापली आणि गेली. आई जन्मभर त्या औषधालाच दोष देत राहिली. मला संशय या वासाचा येतो.

शेण मीच आणून दिलं होतं.