वकीलबाईला गप्प बसवलं त्याची गोष्ट

आमची वकीलबाई प्रश्न विचारायची आणि उत्तरही आपणच द्यायची. “आजी, चहा घेणार? घेणारच.” मी काही म्हणायच्या आत कप हातात.

ती पुण्याची. इथं सिंगापूरला, वुडलँड्सला माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन भाड्यानं राहायची. म्हाताऱ्या माणसांचे कागद बघणारी खास वकील व्हायचं, म्हणून परीक्षेला बसलेली. लेखी झकास, तोंडीला नापास. तिथं एक म्हातारा समोर बसवतात आणि त्याचं म्हणणं काढून घ्यायला लावतात. पुन्हा नापास झाली तर ऑफिस ते काम दुसऱ्याला देणार होतं. म्हणून मग सरावाला मी.

पहिल्या दिवशी ती विचारत गेली, मी हो म्हणत गेले. घर मुलाला ना? हो. वृद्धाश्रम चालेल ना? हो. तासाभरात माझं गावचं घर गेलं आणि मीही गेले वृद्धाश्रमात. खूश होऊन म्हणाली, सगळं मान्य ना आजी?

“मला कुठलं? तुला मान्य दिसलं म्हणून हो म्हटलं. वकिलापुढं आम्ही होच म्हणतो, पोरी.”

तिचं तोंड एवढंसं झालं.

मग मी नियम घातला. एक प्रश्न विचारायचा आणि माझी लसणाची गड्डी सोलून होईस्तोवर गप्प. तिला जमेना. ओठ दाबायची, पाय हलवायची, एकदा तर उचकीच लागली.

एका रविवारी तिनं विचारलं, उद्या तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीनं कोणी बोलायचं? एक गड्डी झाली, दुसरी झाली. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर सगळं दिरांना विचारायचे. मी दाराशी उभी. ते गेल्यावर बारा वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या, त्याचं काही नाही, पण ते उभं राहणं डोक्यातून जात नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती चकार शब्द बोलली नाही.

मग म्हटलं, “मुलगा नको, तो रडत बसेल. सून बोलेल. माझ्याशी भांडून चांगली तयार झालीय.”

परीक्षेत ती इतकी गप्प बसली म्हणे, की समोरच्या म्हाताऱ्यानं कंटाळून सगळं सांगून टाकलं. झाली पास.

पुढं ऑफिस जवळ पडावं म्हणून जुरोंग ईस्टला राहायला गेली. जायच्या आधी, मला बोलता येईनासं झालं तर कोणी बोलायचं, त्याचा माझा खराखुरा कागद केला. मुलाला नि सुनेला बाहेर लिफ्टपाशी उभं केलं, दार लावलं आणि विचारलं, “आजी, कोणाचं नाव घालू?”

आणि थांबली.

उत्तर मला ठाऊक होतं, तिलाही होतं. तरी मी मुद्दाम वेळ लावला.